घरकर्ज : मध्यस्थाच्या हातून की बँकेच्या दारातून?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या शहरांच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. त्यांत शिक्षक आहेत, एस. टी.चे वाहक-चालक आहेत, आडत दुकानांतील मुनीम आहेत आणि मुलांच्या शिक्षणासाठी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून शहरात येऊन राहिलेले शेतकरीही आहेत. घर म्हटले की कर्ज आले, आणि कर्ज म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : अर्ज घेऊन सरळ बँकेत जावे, की "कर्ज मिळवून देतो" असे सांगणाऱ्या मध्यस्थाचा हात धरावा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बँकेत जाणे हाच शहाणपणा, असे उत्तर देऊन लेखणी खाली ठेवणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. मध्यस्थ हा विनाकारण निर्माण झालेला नाही. एका कामासाठी चार वेळा तालुक्याला यावे लागले, प्रत्येक खेपेस एक नवा कागद सांगितला गेला, साहेब बैठकीला गेले म्हणून परत फिरावे लागले, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना दोन-चार हजार रुपये देऊन हेलपाटे वाचविणारा माणूस देवासारखा वाटतो. म्हणून मध्यस्थ कोण, तो कोणासाठी काम करतो, त्याला पैसे कोण देतो आणि त्याच्या हाती प्रत्यक्षात काय असते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

मध्यस्थ तीन प्रकारचे

बोलीभाषेत सर्वांनाच 'एजंट' म्हटले जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन निराळी माणसे येतात.

पहिला बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने लेखी करार करून नेमलेला विक्री प्रतिनिधी. ग्राहक शोधणे, अर्ज भरून घेणे, कागद गोळा करून शाखेत पोहोचविणे हे त्याचे काम. त्याच्या वर्तनासाठी रिझर्व्ह बँकेने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिलेली आहेत आणि त्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेवर राहते. दुसरा स्वयंघोषित मध्यस्थ. त्याची कोणत्याही बँकेशी नेमणूक नसते. चार शाखांत ओळख असते, एवढेच त्याचे भांडवल. तिसरा दिसायला दुसऱ्यासारखाच असतो, परंतु त्याच्या मागे खाजगी पैसा उभा असतो. बँकेचे कर्ज "अडकले" की तो स्वतःच किंवा ओळखीच्या माणसाकडून तात्पुरती रक्कम देऊ करतो. घर आणि जमीन जाण्याचा धोका आहे तो या तिसऱ्या वाटेवर. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

पहिल्या दोघांतील फरक ओळखणे अवघड नाही. नेमलेल्या प्रतिनिधीजवळ बँकेचे ओळखपत्र किंवा अधिकारपत्र असावे लागते. ते मागण्यात संकोच बाळगू नये, आणि मागितल्यावर त्याला राग आला तर तेवढ्यावरूनच पुरेसा बोध घ्यावा. त्याचे नाव शाखेत जाऊन किंवा बँकेच्या दूरध्वनीवर पडताळून घेता येते. येथे आणखी एक घोटाळा होतो. घरे व भूखंड विकणाऱ्या दलालास स्थावर संपदा कायद्याखाली 'महारेरा'कडे नोंदणी करावी लागते. काही जण त्या नोंदणीचा क्रमांक कर्जाच्या कामातही पुढे करतात. ती नोंदणी घर विकणाऱ्याची आहे. कर्ज मिळवून देणाऱ्याची नव्हे.

मंजुरी कोणाच्या हाती?

"मंजूर करून आणतो" हे मध्यस्थाचे आवडते वाक्य आहे. त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी एक नियम ठाऊक असला म्हणजे पुरे. बँकांनी आपली कोणती कामे बाहेरच्या व्यक्तीकडे सोपवावीत याविषयी रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार कर्ज मंजूर करण्याचा निर्णय बँकेस कोणाकडेही सोपविता येत नाही. अर्ज गोळा करणे सोपविता येते, निर्णय येत नाही. तेव्हा मध्यस्थ अधिकृत असो वा नसो, मंजुरी देणे त्याच्या अखत्यारीत नाही. "मंजुरीसाठी वर द्यावे लागतात" म्हणून तो रक्कम मागत असेल, तर जी वस्तू त्याच्याजवळ नाही तिची तो किंमत सांगत आहे.

शाखेतील अधिकारीही बहुधा एकटा निर्णय घेत नाही. बँकेच्या यादीवरील वकील मालमत्तेच्या मागील व्यवहारांचा शोध घेऊन अहवाल देतो. मूल्यांकनकार जागेवर जाऊन किंमत ठरवितो. अर्जदाराचा पतइतिहास पतमाहिती कंपन्यांकडून मागविला जातो. हे सर्व कागद एकत्र झाले की प्रकरण शाखेत किंवा विभागीय कर्ज केंद्रात निकाली निघते. यांतील एकही टप्पा मध्यस्थामुळे टळत नाही. फार तर कागद नीट लावलेले असल्यामुळे प्रकरण लवकर पुढे सरकते. मध्यस्थाचा खरा उपयोग एवढाच, पण तो उपयोग नाहीच असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पतइतिहासाचा अहवाल अर्जदाराला स्वतःही मिळविता येतो. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम आहे. "तुमचा सिबिल खराब आहे, दुरुस्त करून देतो" असे सांगून पैसे घेणारे काही जण हाच फुकटचा अहवाल काढून देतात. अहवालात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्जही स्वतः करता येतो. चूक नसेल आणि हप्ते खरोखरच थकले असतील, तर ते फेडल्यावाचून गुण वाढविण्याची कोणतीही युक्ती कोणाजवळ नाही.

पैसे कोण देतो?

अधिकृत प्रतिनिधीला त्याचा मोबदला बँक देते. कर्जाची रक्कम वितरित झाली की तिच्या प्रमाणात त्याला कमिशन मिळते. कर्जदाराने त्याला वेगळे काही देण्याचे कारण नाही. मात्र यातूनच एक गोष्ट उद्भवते. ज्या संस्थेकडून कमिशन अधिक, तिकडे प्रकरण नेण्याचा मोह प्रतिनिधीला होणे स्वाभाविक आहे. मोठ्या कर्जावर त्याला अधिक मिळते. म्हणून आठ लाखांत भागणाऱ्या घरासाठी दहा लाखांचे कर्ज सुचविण्यातही त्याचे नुकसान नाही.

शाखेतील अधिकाऱ्याला असे कमिशन नसते. पण त्याच्याजवळ एकाच बँकेचा माल असतो, हेही तितकेच खरे. शेजारच्या बँकेचा दर पाव टक्क्याने कमी आहे, तिकडे जा, असे तो सांगणार नाही. शिवाय त्याला वर्षअखेरीचे लक्ष्य गाठावयाचे असते आणि कर्जासोबत विमा पॉलिसी घेण्याचा आग्रहही काही ठिकाणी होतो. म्हणजे दोघांपैकी कोणीही कर्जदाराचा वकील नव्हे. एकाजवळ चार दुकानांची माहिती असते; दुसऱ्याच्या शब्दामागे संस्थेचा शिक्का असतो.

पाश्चात्त्य देशांत हा मध्यस्थ हा एक रीतसर व्यवसाय आहे. २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर अमेरिकेत त्याच्यावर परवान्याचे बंधन आले, आणि २०१० च्या कायद्याने कर्जाचा व्याजदर जितका चढा तितके कमिशन अधिक, या पद्धतीस मनाई झाली. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून ग्राहकाचे हित सर्वांत आधी पाहणे हे अशा मध्यस्थाचे कायदेशीर कर्तव्य ठरले आहे. आपल्याकडे कर्ज-मध्यस्थासाठी असा स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे अनेक संस्थांची कर्जे सुचविणाऱ्या सेवांना मात्र रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बंधन घातले, की जुळणारे सर्व प्रस्ताव त्यांनी निःपक्षपणे ग्राहकापुढे ठेवावेत. चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या मध्यस्थास हे बंधन लागू नाही.

एका टक्क्याची किंमत

मध्यस्थाला द्यावे लागणारे पैसे डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून लोक त्यावर घासाघीस करतात. व्याजदरातील फरक दिसत नाही, म्हणून तो निमूटपणे स्वीकारतात. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. समजा, माजलगाव येथील एका शिक्षकाने दहा लाख रुपये वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. दर साडेआठ टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये येतो. दर साडेनऊ टक्के असेल तर तो ९,३२१ रुपयांवर जातो. महिन्याला ६४३ रुपयांचा फरक तो काय, असे वाटेल. परंतु २४० हप्त्यांत हा फरक दीड लाख रुपयांच्या वर जातो. मध्यस्थाने दोन टक्के, म्हणजे वीस हजार रुपये मागितले तर माणूस हादरतो. त्याच मध्यस्थाने एक टक्का चढ्या दराच्या कंपनीत प्रकरण नेले तर त्याच्या सातपटीहून अधिक रक्कम जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दर सांगण्याची रीतही पाहावी. काही संस्था 'सपाट' दर सांगतात, म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवरच व्याज आकारतात. एक लाख रुपयांवर तीन वर्षांसाठी दहा टक्के सपाट दर असेल, तर हप्ता ३,६११ रुपये येतो. घटत्या शिलकीवर हिशेब केल्यास हाच दर सुमारे अठरा टक्के पडतो. दहा आणि अठरा यांतील अंतर बोलण्यात लपते. ते उघडे करण्यासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबाबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे बँकांना व वित्त कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. सर्व शुल्के धरून वार्षिक खर्चाचा खरा दर किती, हप्ता किती, कोणते शुल्क कोणासाठी, हे या विवरणात लिहावे लागते. ते कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे लागते. तेव्हा बीडमधील अर्जदाराने ते मराठीत मागावे. इंग्रजी कागदावर सही करण्याची घाई करू नये. विवरण हाती आल्यावर सात दिवसांहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत दुसऱ्या बँकेचे विवरण आणून दोन्ही शेजारी ठेवता येतात. या एका कागदाने मध्यस्थाच्या माहितीचे मोल बरेच कमी केले आहे. खेद एवढाच की त्याची माहिती फार थोड्या कर्जदारांना आहे.

तरत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेस दंड आकारता येत नाही. हा नियम २०१२ पासून आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडलेली असतात. त्यामुळे दर घटला की त्याचा लाभ कर्जदारापर्यंत येणे सुकर झाले. गृहवित्त कंपन्यांना ही जोडणी बंधनकारक नाही. मध्यस्थ आपल्याला बँकेत नेतो आहे की कंपनीत, हे विचारण्याचे हेही एक कारण आहे.

बीडमधील खरी अडचण : मालकीचा कागद

शहरातील नोकरदाराचे प्रकरण उत्पन्नावर अडत नाही. या जिल्ह्यात बहुतेक प्रकरणे अडतात ती मालकीच्या कागदावर, आणि नेमक्या याच ठिकाणी मध्यस्थाची भूल पडते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जमिनीचा इतिहास शोधताना वकिलाला १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत आणि क्वचित त्याहीपूर्वीच्या उर्दू कागदांपर्यंत जावे लागते. मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी यांचे व्यवहार सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झालेले असतील तर बँक कर्ज नाकारते. अशा वेळी "दुसऱ्या बँकेतून करून देतो" असे मध्यस्थ म्हणतो. कदाचित तो करूनही देईल. परंतु बँकेने दाखविलेला दोष कर्ज मिळाल्याने नाहीसा होत नाही. अर्ज करून नकार मिळाला तर शोध अहवालातील हरकत काय होती, हे अधिकाऱ्याला विचारावे. कर्ज मिळाले नाही तरी वादाच्या भूखंडात आयुष्याची पुंजी घालण्यापासून माणूस वाचतो.

शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे भूखंड मुद्रांक कागदावर नोटरीसमोर लिहून विकले जातात. स्थावर मालमत्तेचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले नसेल तर मालकी मिळत नाही; बँक अशा कागदाकडे पाहतही नाही. गुंठेवारीतील भूखंड असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाल्याचे प्रमाणपत्र हवे.

गावातील घरांचा प्रश्न याहून निराळा होता. गावठाणातील पिढीजात घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकीचा दाखला नव्हे. परिणामी चिरेबंदी वाडा असूनही त्यावर बँकेकडून एक रुपया मिळत नसे, आणि माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. ज्या गावी ही पत्रिका मिळाली आहे तेथे घर तारण म्हणून पुढे करता येते. पत्रिकेवरील नाव, क्षेत्र व सहहिस्सेदार बरोबर आहेत की नाही, हे मात्र कर्जाची गरज पडण्याआधीच पाहून घेतले पाहिजे. भावाभावांतील वाटणी तोंडी असेल तर ती कागदावर आणण्याची हीच वेळ होय.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट तर आणखी बिकट. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाने दिलेली उचल हेच त्यांचे कर्ज, आणि मुकादम हाच त्यांचा मध्यस्थ. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत, तेव्हा बँकेला दाखविण्यास उत्पन्नाचा पुरावा उरत नाही. असे कुटुंब घरासाठी पैसे शोधू लागले की खोटी पगारपत्रके आणि फुगविलेली विवरणपत्रे तयार करून देणारे मध्यस्थ पुढे येतात. अर्जावर सही कर्जदाराची असते. प्रकरण उघडकीस आले तर फसवणुकीचा ठपका त्याच्यावर येतो आणि मध्यस्थाचे नावही कागदावर नसते. त्यापेक्षा उचल व मजुरी बँक खात्यात घेण्याचा आग्रह धरणे, दुधाचे बिल खात्यात जमा करणे, बचत गटाच्या कर्जाची नियमित फेड करणे, हा मार्ग लांबचा असला तरी दोन-तीन वर्षांत अधिकाऱ्यासमोर ठेवण्यासारखा पुरावा त्यातून तयार होतो.

खरेदीखत हे तारण नव्हे

आता तिसऱ्या प्रकारच्या मध्यस्थाकडे वळू. बँकेचे कर्ज महिनाभरात मिळेल, तोवर बयाणा द्यावयास चार लाख रुपये खाजगीतून घ्या, असा सल्ला मिळतो. दर सांगितला जातो तो शेकडा तीन रुपये. ग्रामीण बोलीत हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. या दराने पावणेतीन वर्षे उलटतात न उलटतात तोच व्याज मुद्दलाएवढे होते.

व्याजाहूनही घातक आहे ती तारणाची पद्धत. "विश्वासासाठी" म्हणून शेताचे किंवा भूखंडाचे सरळ खरेदीखत करून घेतले जाते आणि पैसे फिटले की जमीन परत फिरवून देऊ, असे तोंडी सांगितले जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यात मुदत खरेदीची, म्हणजे सशर्त विक्रीद्वारे गहाणाची तरतूद आहे. परंतु १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत फेरविक्रीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण समजला जात नाही. अट तोंडी असली किंवा वेगळ्या कागदावर असली तरी दस्त विक्रीचाच राहतो. कर्ज फिटले तरी सातबारावर नाव दुसऱ्याचे. बँक गहाण घेते तेव्हा मालकी कर्जदाराकडेच राहते आणि इतर हक्कांत फक्त बोजा चढतो. हा एक फरक जरी घरोघर कळला तरी कित्येक जमिनी वाचतील. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून देणे हे याच जातीचे संकट आहे. त्यावर रक्कम कोणीही भरू शकतो आणि धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो.

सावकारी हा व्यवहार मुळात बेकायदा नाही. परवान्यावाचून केलेली सावकारी बेकायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये झाला. त्याखाली परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ टक्के, असे कमाल दर शासनाने ठरवून दिले. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना संकेत कायद्याने कायम ठेवला आहे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेल्या मालमत्तेबाबत कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा असल्याचे आढळल्यास खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकास परत देण्याचा आदेश होऊ शकतो. बीड येथे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे आणि तालुक्यास सहायक निबंधकांकडे हे अर्ज घेतले जातात. परतफेडीच्या पावत्या, बँक खात्यांतील नोंदी, साक्षीदार यांवाचून असे अर्ज टिकत नाहीत. यास्तव रक्कम देताना रोखीचा व्यवहार टाळावा.

या जिल्ह्यात सावकार कसा रुजला, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत १९५१-५२ साली असे आढळले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा ६९.७ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्का होता. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७६ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली आणि बँकेची पाटी मोठ्या गावांपर्यंत पोहोचली. पाटी पोहोचली; माणसाच्या मनातील उंबरठा मात्र अद्याप पुरता झिजलेला नाही. मध्यस्थाचा धंदा चालतो तो या उंबरठ्यावर.

कोणत्या कामासाठी कोण?

पीककर्जासाठी मध्यस्थाची यत्किंचितही गरज नाही. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक खाते एवढ्यावर ते काम होते, आणि १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास तारणही लागत नाही. शासकीय योजनांखालील कर्जाबाबतही तेच. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबास, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास, पहिल्या आठ लाखांवर व्याज अनुदान मिळते. ते पाच वार्षिक हप्त्यांत, एकूण १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत, थेट कर्ज खात्यात जमा होते. हे अनुदान "काढून देण्यासाठी" टक्केवारी मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

अधिकृत प्रतिनिधीचा उपयोग होतो तो असा : दोघे पती-पत्नी नोकरीत, कागद स्वच्छ, वेळ नाही आणि तीन-चार संस्थांचे दर एकत्र पाहावयाचे आहेत. अशा अर्जदाराने त्याची मदत अवश्य घ्यावी. मात्र प्रक्रिया शुल्क बँकेच्याच नावे भरावे, मूळ कागद त्याच्या हाती न देता शाखेतच दाखवावेत आणि त्याने आणलेला दर शाखेत स्वतः विचारून घ्यावा. किमतीच्या शंभर टक्के कर्ज मिळवून देतो, असे तो म्हणाला तर सावध व्हावे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या कमाल नव्वद टक्के देऊ शकते. शंभर टक्के मिळतात ते किंमत फुगवून दाखविल्यावर, आणि फुगविलेल्या किमतीचा हप्ताही कर्जदारालाच भरावा लागतो.

ज्याचे उत्पन्न शेतीचे किंवा हंगामी आहे, ज्याच्या कागदात काही गुंता आहे, त्याने मात्र अधिकाऱ्याकडेच जावे. वरवर पाहता हे उलट वाटेल. गुंता सोडविण्यासाठीच तर मध्यस्थ हवा, असे म्हटले जाते. पण गुंतागुंतीच्या प्रकरणात काय सांगितले आणि काय लपविले, यावर पुढे सर्व अवलंबून असते, आणि ते स्वतः सांगितलेले बरे. गृहकर्ज थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याचा अधिकार बँकेला आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. राहते घर नाही. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच जाऊन बोलावयाचे ते अधिकाऱ्याशीच. मध्यस्थ तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही काही व्हावयास हवे. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी पहिल्याच भेटीत लेखी दिली, अर्जाची पोच दिली आणि नाकारताना कारण लिहून दिले, तर हेलपाटे निम्म्याने कमी होतील. पोच मागणे हा अर्जदाराचा हक्क आहे. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे लिहावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाचे कार्यालयही याकामी साहाय्य करते. लोकपालाकडे तक्रार चालते ती बँक व वित्त कंपनीविरुद्ध. स्वयंघोषित मध्यस्थाविरुद्ध तेथे दाद नाही. त्यासाठी पोलीस ठाणे गाठावे लागते, आणि हाती पावती नसेल तर तेथेही फारसे काही होत नाही.

कर्ज फिटल्यानंतरचे काम पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे, की संपूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने घराचे मूळ दस्तऐवज परत द्यावेत. बँकेच्या कारणाने विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई द्यावी. दस्तऐवज स्वतः शाखेत जाऊन, यादीशी ताडून, सही करून घ्यावेत. त्यासोबत बेबाकी दाखला घ्यावा, तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार नोंदवून घ्यावा आणि बोजा उतरलेला नवा उतारा काढून मूळ खरेदीखताशेजारी ठेवावा.